वस्तीवर फिरलेली क्लिप

नोकरीतले खून-दरोडे आता पुसट झाले. ग्रामपंचायत निवडणुकीतलं ते प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही.

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मतदान दोन दिवसांवर आलं होतं. पोलीस पाटलांचा फोन आला, "साहेब, लवकर या. सगळी वस्ती बाईंच्या दारात हुबी हाय."

बाई म्हणजे सरपंचपदाच्या उमेदवार, निवृत्त अंगणवाडी सेविका. वस्ती ऊसतोडीला येऊन गावाबाहेर कायमची राहिलेल्या लोकांची. मी पोहोचलो तोवर दारावर दगड पडले होते. प्रत्येक मोबाईलवर बाईंचा आवाज म्हणून एकच क्लिप वाजत होती, "त्या वस्तीला पाणी कशाला द्यायचं? मतं घ्यायची अन् सोडून द्यायचं."

बाई रडत नव्हत्या. "ह्यांची लेकरं मांडीवर घेऊन भरवली मी. त्यांचं पानी मी तोडंन व्हय?"

जमाव पांगवला, गुन्हा नोंदवला. क्लिप कोणाकडून आली हे विचारत एकेका मोबाईलवरून मागे जात राहिलो. जबाब सगळ्यांचा सारखाच: "आली, पुढं ढकलली." शेवटी विरोधी गटातल्या एका झेरॉक्सवाल्यापाशी माग थांबला. तो कानावर हात ठेवून बसला.

आमच्या महिला हवालदार क्लिप पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. म्हणाल्या, "सर, बाई 'पानी' म्हणतात. यात 'पाणी' आहे, अगदी स्वच्छ."

मी झेरॉक्सवाल्याला दरडावलं नाही. क्लिप लावली आणि विचारलं, "हा आवाज गावातला नाही. तुमच्या घरात शहरात वाढलेलं कोण आहे?"

त्यानं क्लिप बंद केली आणि म्हणाला, "बायको. तिला सांगितलं, नाटकातलं वाक्य हाय."

गावात आणि वस्तीवर गाडी फिरवून, भोंग्यावरून खुलासा केला. तरी बाई थोडक्या मतांनी पडल्या. पुढच्याच आठवड्यात वस्तीच्या नळासाठी अर्ज घेऊन त्या पंचायत समितीत बसलेल्या दिसल्या. सोबत वस्तीवरची एकच म्हातारी होती. तिला विचारलं, "आजी, क्लिप खोटी होती, कळलं ना?"

"कळलं की. पन आमच्याकडं टँकर येत न्हाई, हे तर खरं हाय. म्हनून पटलं हुतं."

आरोपी सापडला, दोषारोपपत्र गेलं, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पण त्या तपासात मी प्रत्येकाला एवढंच विचारलं होतं, 'कोणी पाठवलं?' तुम्हाला ते खरं का वाटलं, हे मी एकालाही विचारलं नव्हतं.