उतरल्याचा फोन

मी विमानातून उड्या मारते असं सांगितलं की पुण्यात ठरलेले प्रश्न येतात. पहिला, "म्हणजे ते कामशेतला करतात ते?" नाही, ते वेगळं. ते डोंगरावरून पळत सुटतात आणि तरंगतात. आम्ही चांगल्या चालू विमानातून बाहेर पडतो. दुसरा प्रश्न, "आणि पॅराशूट उघडलंच नाही तर?" पाठीवर राखीव दुसरं असतं. यावर "आणि तेही नाही उघडलं तर?" असं विचारल्याशिवाय सदाशिव पेठेतला माणूस जिना उतरत नाही.

सामानाबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि कुणी विचारली नाहीत तरी मी ती सांगते. पॅराशूट मोठं घ्यावं. लहान पॅराशूट वेगानं येतं, झोकात वळतं, फोटोत छान दिसतं. चार उड्या झाल्या की तरुण मंडळींना लगेच लहान हवं असतं, मग संध्याकाळी चहाला लंगडत येतात. माझं मोठं आहे, दुसऱ्याकडून घेतलेलं आहे, आणि मला जमिनीवर अलगद आणून ठेवतं. सेहेचाळिसाव्या वर्षी झोक कुणाला दाखवायचा आहे? अंगातला सूट मात्र भडक असावा, शेतात भलतीकडे उतरलं तर लोकांना दिसतो. माझा केशरी आहे. तो पहिल्यांदा घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा आई म्हणाली, "गॅस आला वाटतं. पावती घेऊन ठेव."

आई माझ्याजवळच राहते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरचा माणूस अजून तिला सहावी ब मधलाच वाटतो. हेल्मेटवरून तर आमचं कायम वाजतं. उडी मारताना मी हेल्मेट घालते आणि स्कूटरवर टाळते, हे तिनं कधीच हेरलंय. "वर कोण येऊन धडकणारे तुला? लक्ष्मी रोडला घाल की," ती म्हणते.

पॅराशूटची घडी मी घरीच घालायला शिकले. राखीव पॅराशूटची घडी परवाना असलेला माणूसच घालतो, पण रोजचं आपलं आपण घालायचं असतं. गच्चीवर ऊन आणि खडबडीत फरशी, दोन्ही कापडाला वाईट. म्हणून हॉलमध्ये सतरंजी अंथरायची, पसारा तिच्यावर घ्यायचा आणि दोऱ्या ताणून थेट आईच्या खोलीत न्यायच्या. आई पलंगावर बसून शब्दकोडं सोडवते. दोऱ्या आल्या की पाय वर घेते.

आता जागांबद्दल. दुबईत खाली समुद्र सुंदर दिसतो, पण सगळं इतकं चकाचक की मला मॉलमध्ये उडी मारल्यासारखं वाटतं. थायलंडला हिरवंगार आहे, जेवण उत्तम, फक्त घामानं सूट अंगाला चिकटतो. माझी आवडती जागा हरियाणातली, थंडीतली, चहूकडे मोहरीची शेतं. पण इतर लोक विमान बघतात, हवा बघतात. मी आधी मोबाइलला रेंज आहे का ते बघते. कारण आई.

तिचा नेम असा, की उडीच्या दिवशी माझा "उतरले" असा फोन येईपर्यंत ती जेवत नाही. देवाला बोललेली नाही, कुणी सांगितलेलं नाही. घास उतरत नाही, एवढंच तिचं म्हणणं. आणि तिला मधुमेह आहे. एकदा माझं विमान उशिरा उडालं आणि इकडे ती स्वयंपाकघरात घेरी येऊन खाली बसली. डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही झापलं. तिनं मान डोलावली आणि नेम चालू ठेवला.

गेल्या हिवाळ्यात हरियाणात सकाळपासून वारा होता. नवशिक्यांना बंदी झाली. आमच्यासारख्या परवानावाल्यांनी आपलं आपण ठरवायचं होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा खांबावर डळमळत टांगलेला, मध्येच ताठ व्हायचा. एरवी असल्या हवेत मी शेंगदाणे खात बसून राहते. पण जेवायची वेळ टळून गेली होती, आणि डोळ्यांसमोर सारखी ती घेरी येत होती. उडी मारते आणि मोकळी होते, असं ठरवून मी पट्टे आवळले. विमानाचं इंजिन सुरू झालं तेवढ्यात खिशात फोन वाजला. अशा दिवशी आई कधीच आपणहून फोन करत नाही, म्हणून मी घाईघाईनं उचलला.

"मी जेवले," आई म्हणाली.

"काय?"

"जेवले म्हटलं. दोन पोळ्या, दुधीची भाजी, ताक. सकाळी तुझ्या फोनमध्ये वाऱ्याचा आवाज केवढा येत होता. मी उपाशी आहे म्हणून उगाच घाई करशील तू. माझं झालंय, आता तुझं तू बघ."

मी पट्टे सोडले आणि हातानंच विमानाला जा म्हणून खूण केली. इतकं हायसं वाटलं की तिथेच गवतावर बसून थोडी रडले. विमान गेलं. त्यातला एकजण दूर मोहरीत उतरला आणि वाऱ्यानं बराच फरफटत गेला. परत आला तेव्हा हसत होता, पण कोपर सोललेलं होतं आणि केसांत पिवळी फुलं. मी त्याला चहा दिला, सामान बॅगेत भरलं आणि घरी फोन लावला.

"आई, नाही मारली उडी. आज मारणारही नाही."

"नक्की?"

"नक्की. सगळं बांधून ठेवलं."

"बरं," ती म्हणाली. मागे कुकरचं झाकण काढल्याचा आवाज आला. "ठेव मग फोन. पान वाढून घेते."