फक्कीने आखलेली शाळा

माझ्या दूरदेशीच्या बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही तुमच्या शाळेतली सरकती भिंत दाखवलीत आणि विचारलंत, "आजी, तुमच्या गावच्या शाळेत असं काही आहे का?" मी नुसती हसले, कारण उत्तर लांब होतं आणि तुमची बस आली होती. आता लिहूनच पाठवते. गावातले लोक या गोष्टीला आतापासूनच तिखटमीठ लावू लागले आहेत. त्याआधी तुम्हाला खरी कळलेली बरी.

तुमच्या आजोबांच्या गावी, बाभुळगाव तालुक्यात, मी निवृत्तीनंतर राहायला आले. शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा मला शाळा समितीत घेतलं. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई, हिला नकाशा वाचता येत असेल, असा त्यांचा समज होता. मला तो धड वाचता येत नव्हता. पण कागद उलटा धरलेला लगेच कळायचा.

बांधकाम होईपर्यंत शाळा बुद्धविहाराच्या सभागृहात भरत होती. पहिली ते चौथी, एकाच फरशीवर. शिक्षक दोन, पण गुरुजी मुख्याध्यापकही असल्याने त्यांना सारखं तालुक्याला जावं लागे, आणि मग चारही वर्ग बाईंच्या गळ्यात. या बाई तरुण, मारेगावकडच्या, आवाजाने खणखणीत. सुरुवातीला नुसता गोंगाट असायचा. मग त्यांनी पहिलीची मुलं चौथीच्या मुलांमध्ये पेरली. मोठ्यांनी धडा वाचायचा, धाकट्यांनी शब्दांखाली बोट फिरवायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिलीतली मुलं दुकानांच्या पाट्या वाचू लागली होती. एकीने तर माझ्या चहाच्या डब्यावरचं "साखर" वाचून मला चूक दाखवली.

आणि नव्या नकाशात चार खोल्या होत्या, चारी बाजूंनी बंद.

समितीचे अध्यक्ष खूश होते. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणतं. ते मला म्हणाले, "वयनी, चार वर्ग, चार खोल्या! शेजारच्या गावात तीनच हायेत. अजून काय पाह्यजे?"

"खोल्या चार, पण मी एकटीच ना आबाजी," बाई म्हणाल्या. "विहारात पोरं वाचायला लागली. आता पहिलीवाले पुन्हा दाराआड एकटे बसतील."

"एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाचं. त्यात काय कठीण हाये?"

नकाशा काढणारा इंजिनिअर तरुण होता, नम्रही. पाया खोदायचा आहे तोवर बदल करता येईल, पण समितीने एकमताने सांगावं, असं म्हणाला. एकमत म्हणजे आबाजी, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी सुचवलं की आधी शाळा मैदानावर आखून बघू. कबड्डीच्या रेषा मारतात ती पांढरी फक्की आणली, इंजिनिअरने टेप धरला, आणि दुपारपर्यंत खऱ्या मापाची शाळा जमिनीवर आडवी पडली. भिंती, दारं, व्हरांडा, सगळं. मुलं आपापल्या खोल्यांत जाऊन बसली.

"आता आबाजी, एक तास तुम्ही गुरुजी," मी म्हटलं.

आबाजींनी टोपी नीट केली आणि पहिलीला "क गिरवा" सांगून रेषा ओलांडत सरळ चौथीकडे निघाले.

"आबाजी, भीत हाये तिथं!" सगळी मुलं ओरडली.

ते मागे फिरले, दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून चौथीत. तिथे बेरीज सांगेपर्यंत दुसरीत मारामारी. तिकडे धावले तर पुन्हा रेषेवर पाय. "आऊट! आबाजी आऊट!" मग तिसरीत कोणाला तहान लागली. कापूस वेचून परतणाऱ्या बाया कुंपणाशी थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, "आबाजीले या वयात कोनं शाळेत टाकलं वं?" दुसरी म्हणाली, "टाकलं तं टाकलं, पास होतात का पाहा!" हसून हसून त्यांच्या डोक्यावरची गाठोडी हलत होती.

आबाजी शेवटी धापा टाकत भिंतीवरच बसले, म्हणजे रेषेवर. त्यांची नात पहिलीत होती. ती पाटी घेऊन आपल्या खोलीच्या कडेला उभी राहिली. रेष ओलांडली नाही.

"आबाजी, तुमी आमच्या वर्गात परत आलेच नाही. काहून?"

"चौथीत गेलतो ना पोरी."

"मंग माहा क कोन पाह्यन?"

  आबाजी उठले आणि आपल्या नि तिच्या मधली फक्की चपलेने पुसायला लागले. "ही भीत नको," इंजिनिअरला म्हणाले. "आन् पलीकडचीबी नको. शेजारच्या गावाले काय सांगाचं ते मी पाहून घेईन." मग काय, सगळ्या मुलांना पुसायला हवं होतं. संध्याकाळी प्रत्येक घरी पांढऱ्या पायांची मुलं पोचली आणि आयांनी माझ्या नावाने बोटं मोडली.

इंजिनिअरने नकाशा पुन्हा काढला. चार खोल्यांच्या दोन मोठ्या खोल्या झाल्या. त्या दोन्हींच्या मधेही भिंतीऐवजी खांब, आणि मुलांच्या खांद्याएवढी पुस्तकांची कपाटं, म्हणजे बाईंना उभ्या जागेवरून सगळे दिसतात. फळे इतके खाली लावले की पहिलीच्या मुलालाही त्यांवर खडूने लिहिता येतं. मला मात्र वाकावं लागतं. एक मोठा स्क्रीनही आला आहे. वीज असते तेव्हा तो चालतो आणि सगळी शाळा त्याच्यासमोर गोळा होते. पाहुणे आले की आबाजी स्वतः त्यांना फिरवतात आणि खोल्या दोनच का, हे न विचारता सांगतात.

जुन्या इमारतीचं एक सागवानी दार तेवढं राहिलं आहे, ते आता भांडारघराला लावलं आहे. विहारात पडलेली बसायची पद्धत मात्र अजून तशीच चालू आहे: पहिलीचं मूल चौथीच्या मुलाशेजारी बसतं आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचतं.