पत्र नावाचं चित्र

नागपूरहून सकाळी निघालेली गाडी दुपारी रायपूरला पोचली तेव्हा मी पुरेसा वैतागलेला होतो. नागपुरात भाच्याच्या घराची वास्तुशांत उरकून मला सरळ सांगलीला परतायचं होतं. पण मधेच करुणाताईंचा फोन आला. सांगलीच्या एका साप्ताहिकात मी चित्रप्रदर्शनांवर अधूनमधून लिहितो. अमूर्त चित्रं मला कळत नाहीत आणि शेजारी कविता टांगली की त्याहून कळत नाहीत, असं एकदा कबूल करून बसलो होतो. तो मजकूर मोबाइलवरून फिरत फिरत रायपूरला पोचला. करुणाताई नेमकी अशीच चित्रं काढतात आणि प्रत्येक चित्राला जोडून स्वतःची कविता लिहितात. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांनी मला घरी बोलावलं.

पत्ता सोपा होता: तलावाच्या मागचा पारा (वस्ती). पण रायपुरात तलावांना तोटा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रिक्षावाल्यानं माझी बॅग पाहिली आणि पाहुण्यांना दाखवतात त्या तेलीबांध्याच्या तलावावर नेऊन उतरवलं. तिथे बाकं होती, झाडं होती, उन्हात फोटो काढणारी जोडपी होती, करुणाताईंचं घर तेवढं नव्हतं. दुसऱ्या रिक्षात बसलो. सदर बाजारातल्या दुचाकींच्या गर्दीत ती अर्धा तास अडकली. शेवटी करुणाताईंची मुलगी रिया रस्त्यावर येऊन उभी राहिली, म्हणून घर सापडलं.

घर बसकं, दोन खोल्यांचं आणि वर गच्ची. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांची काळी धूळ इथवर येते. खिडकीवरून बोट फिरवलं तर बोट काळं होतं. करुणाताई ही धूळ गच्चीवरून झाडून गाळतात, डब्यात भरतात आणि डिंकात कालवून रंग म्हणून वापरतात. पन्नाशीच्या, सरकारी कार्यालयात कारकून असलेल्या, बोलताना समोरच्याकडे नीट बघणाऱ्या बाई. जेवायला फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले लांबट मुटके) आणि टोमॅटोची झणझणीत चटणी होती. प्रवासाचा राग तिसऱ्या फऱ्याला उतरला.

पंगतीला त्यांचे वडीलही होते. रेल्वेत गार्ड होते, मूळ गोंदियाकडचे. वय चौऱ्याऐंशी, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. मुलीनं ताटातल्या वस्तू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगितल्या आणि ते न चुकता जेवले.

चित्रं मागच्या खोलीत होती. पुढच्या महिन्यात करुणाताईंचं पहिलं प्रदर्शन होतं. मला कशाला बोलावलं, ते त्यांनी तिथेच सांगून टाकलं. बाबांना कविता ऐकू येतात, चित्रं दिसत नाहीत. रियाला चित्रं दिसतात, पण मराठीत विचारलेल्याला ती हिंदीत उत्तर देते आणि कवितेपाशी तिची मराठी संपते. ऑफिसातल्या लोकांचंही तेच.

"दोन्ही संग कोणीच नाही पाह्यलं, भाऊ," करुणाताई म्हणाल्या. "तुमी पाहा न सांगा, जुळते का. गोड बोलू नका."

मी वहीत टिपणं घेत पंधरा चित्रं पाहिली. काहींत फक्त करडा धूर होता, काहींत गंजाचा तांबडा. बहुतेक जोड्या बऱ्या वाटल्या. अकराव्या चित्रापाशी मात्र थांबलो. नाव होतं 'पत्र'. सगळं चित्र काळं, जाड, पात्यानं ओरबाडलेलं. मधोमध रंगाखाली काहीतरी चौकोनी चिकटवलेलं होतं. त्याचा एक कोपरा तेवढा उघडा ठेवला होता आणि त्यावर पोस्टाचं अर्धं तिकीट दिसत होतं. शेजारची कविता अशी:

पत्र आलं नाही, बरं झालं.
आलं असतं तर मी गेले असते,
आणि तुमच्या ताटात मीठ किती
हे कोणी लक्षात ठेवलं असतं?

कविता मायेची होती. चित्राकडे पाहून अंगावर काटा आला. मी विचारणार तोच करुणाताई रियाला घेऊन प्रदर्शनासाठी हूक आणि दोरी आणायला बाजारात गेल्या. उत्तर संध्याकाळी द्या म्हणाल्या.

घरात बाबा आणि मी उरलो. बाबांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली आणि 'पत्र' नावाचं चित्र पाहिलं का, असं विचारलं. मग त्यांनी मी न विचारताच सगळं सांगितलं. करुणाताई अठरा वर्षांच्या असताना बाहेरगावच्या चित्रकलेच्या कॉलेजातून प्रवेशाचं पत्र आलं होतं. पोरीला इतक्या लांब पाठवायची बाबांची तयारी नव्हती. त्यांनी पत्र पेटीत ठेवलं आणि आलंच नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी लग्न लावून दिलं. आई गेल्यावर पेटी करुणाताईंनीच आवरली. पत्राबद्दल मात्र त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेव्हा ते आईनंच कधीतरी फाडलं असेल असं बाबा धरून चालले होते. जावई वारल्यावर लेक माहेरी आली आणि आता तीच त्यांचं सगळं करते.

"ती ऑफिसात गेली का मी चित्रं हातानं पाहतो," बाबा म्हणाले. "त्या चित्रात पाकीट हाय. चार कोपरे लागले मले. वरतून रंग कोणता हाय?"

"काळा."

"पुरा?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. तिऱ्हाईतानं तसंच करावं. पण मी सांगितलं, एक कोपरा उघडा आहे. म्हातारा बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

संध्याकाळी बाबांना कविता वाचून दाखवायचा त्या घरचा रिवाज आहे. दिवेलागणीला करुणाताई वही घेऊन बसल्या आणि त्यांनी माझ्यासाठी म्हणून 'पत्र'च काढली. पहिली ओळ वाचून झाली.

"आलं होतं," बाबा म्हणाले. "मीच ठेवलं होतं पेटीत."

करुणाताईंनी वहीवरची नजर उचलली नाही. "हव (हो), बाबा. मले मालूम हाय," त्या म्हणाल्या आणि उरलेल्या तीन ओळी त्याच आवाजात वाचून त्यांनी वही मिटली. रियानं चहा आणला. रात्री अंथरुणात मी वहीत लिहिलं, 'बापलेकीची दिलजमाई झाली.' मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

सकाळी त्या मला स्टेशनवर सोडायला आल्या. त्यांनी फऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला तेव्हा मी विचारलं, आता मोकळं वाटत असेल ना.

"नाही भाऊ. राग येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "ते खोटं बोलत होते तवर मले त्यांची दया यायची. आता कबूल केलं, त काय करू? रातीपासून बोलली नाही मी त्यांच्याशी."

गाडी सुटल्यावर वहीतली ती ओळ मी खोडली. एका रात्रीचा पाहुणा, जेवून उठलो आणि दुसऱ्याच्या घरातली चौतीस वर्षांची गोष्ट मिटवून आलो असं समजत होतो. प्रवासात आपण फार झटकन निकाल देतो. मला माझी लाज वाटली. दुर्ग गेलं, गोंदिया गेलं, तरी डबा उघडावासा वाटेना.

सांगलीला येऊन तीन आठवडे झाले तेव्हा त्यांचा फोन आला. बाबांशी बोलणं सुरू झालंय म्हणाल्या, पण कामापुरतं. संध्याकाळी कवितांऐवजी पेपर वाचून दाखवतात. ते मुकाट ऐकतात. प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं आणि 'पत्र'ची जुनी कविता त्यांनी काढून टाकली होती. नवी लिहिली होती. त्यांनी ती मला फोनवरच वाचून दाखवली. तिच्यात मीठ नव्हतं, ताट नव्हतं, बरं झालं हे शब्दही नव्हते. राग होता, चित्राइतकाच काळा.

वाचून झाल्यावर त्यांनी त्या संध्याकाळी राहून गेलेला प्रश्न विचारला: जुळते का? मी म्हटलं, आता जुळते.

त्यांच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली.

"मंग आज बाबाले हेच ऐकवते," त्या म्हणाल्या.