अर्ध्या अंशाची बादली

तर शिवण माझी उसवली नव्हती, दोर कुजला होता, इथवर काल आपली गोष्ट आली होती. दाजी अजूनही शिवणीवरच अडून आहेत, ते असो. बादली गेली ती गेलीच. तेवीस वर्षांपूर्वी धक्क्याच्या टोकावरून दाजींनी ती नेहमीसारखी पाण्यात सोडली, दोर हाताला एकदम हलका लागला, आणि कापडी बादली काही घाई नसल्यासारखी निवांत बुडाली. हातात नुसता दोर, घड्याळात आठ वाजून दोन मिनिटं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा. हवामान कचेरीसाठी रोज सकाळी आठ वाजता समुद्राचं पाणी बादलीनं वर काढायचं, त्यात काचेचा तापमापक धरायचा आणि आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. अडतीस वर्षं झाली. मी शिडं आणि ताडपत्र्या शिवणारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. त्यांची ती बादली जाड कापडाची, मीच शिवून दिलेली, म्हणून हे शिवणीचं भांडण.

दाजींना धक्क्यावर सगळे भिंगरी म्हणतात. ते कधी बसत नाहीत. चहासुद्धा घरभर फेऱ्या मारत पितात, म्हणून आक्का त्यांना बशी देतच नाही, नुसता कप देते. त्या दिवशी भिंगरी जी घराकडं सुटली ती थेट मोरीत. आक्का चादर पिळत होती. दाजींनी निळ्या प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी ओतून दिलं, चादर तिच्या खांद्यावर टाकली आणि बादली घेऊन पळाले. आठ वाजून अकरा मिनिटांनी आकडा वहीत पडला.

"माझी बादली कधी परत येणार?" आक्कानं संध्याकाळी विचारलं.

"कचेरीकडून नवी आली की."

कचेरीला पत्र गेलं. उत्तर आलं नाही. मी म्हटलं, मी शिवून देतो, पण तेव्हा माझ्याकडं शिडांची रांग लागलेली, आणि मग राहिलंच. पाणी तर निळ्या बादलीतही येत होतं. ती तडकली तेव्हा दुसरी निळी आली. वहीत एक रकाना होता, बादलीचा प्रकार. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर दाजींनी सुरेख अक्षरात 'कापडी' लिहिलं होतं. त्यानंतर प्रत्येक पानावर 'मागील पानाप्रमाणे'. तेच पुढं चालू राहिलं, तेवीस वर्षं. खोटं लिहायचं त्यांच्या मनातही नव्हतं. हात आपोआप लिहीत गेला.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "दाजी, रोज तेच पाणी काय मोजता?"

"तेच कुठलं? काल मोजलेलं केव्हाच पुढं गेलं." कप हातात, ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या. "आपल्याकडं वारा किनाऱ्याला धरून वाहतो, वरचं पाणी ढकलतो. पण पृथ्वी पडली फिरती, त्यामुळं ते पाणी सरळ जात नाही, कलतं, आणि किनारा सोडून आत जातं. मग इथली जागा रिकामी राहील का? खालचं गार पाणी वर येतं. येताना तळातला कस घेऊन येतं, म्हणून आपल्याकडं मासळी."

"आणि आपल्या या कोरड्या किनाऱ्यावर पाऊस का नाही?"

"गार पाण्यावरची हवाही गार. जड. ती वर चढायलाच तयार नाही, मग ढग कुठून मोठे व्हायचे? नुसतं धुकं. समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, आपल्याच रेषेवर, गरम पाण्याचा प्रवाह जातो. तिकडं छत्र्या विकून लोक घरं बांधतात." ते दारातून परत फिरले. "आणि लांब, बर्फाच्या मुलखात, पाणी इतकं गार आणि खारट होतं की जड होऊन तळाला बुडतं. मग तळातळानं शेकडो वर्षं चालत राहतं."

"आमच्या घरातही एक आहेत," आक्का भाजी निवडता निवडता म्हणाली. "चालतच राहतात. बुडत तेवढे नाहीत."

हे मला सगळं समजलं असं नाही, पण तेव्हापासून मी धुक्याला नावं ठेवायचं सोडलं.

मग यंदा एक शास्त्रज्ञ बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, पाठीवर पिशवी, बोलायला लाघवी. मी धक्क्यावरच एका होडीची ताडपत्री टाचत होतो. तिनं संगणक मांडीवर उघडला आणि दाजींना एक रेघ दाखवली. खालीवर होत गेलेली, आणि मध्येच एक पायरी चढलेली.

"काका, तुमच्या वह्या नसत्या तर हे दिसलंच नसतं. इथं बघा, पाणी अर्ध्या अंशानं गरम झालं आणि पुन्हा खाली आलंच नाही. खालचं गार पाणी वर यायचं कमी झालंय. म्हणजे प्रवाह मंदावलाय. तीन आठवड्यांनी मोठ्या सभेत मी हेच मांडणार आहे."

दाजींचा चेहरा आधी असा फुलला की विचारू नका. मग त्यांनी पायरीखालचं साल वाचलं. आणि दाजी खाली बसले. अडतीस वर्षांत मी त्यांना धक्क्यावर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

बाई गेल्यावर ते माझ्या दुकानात आले. कात्री उचलली, ठेवली, सुतळीचा गुंडा उलगडला, गुंडाळला.

"दाजी, ते सोडा आणि बोला."

"कापडी बादली पाझरते. बाहेरून ओली राहते. वारा लागला की माठासारखी गार होते, आणि मी आकडा वाचेपर्यंत आतलं पाणीही गार होतं. प्लास्टिकला ते नाही."

"म्हणजे समुद्र गरम झालाच नाही?"

"समुद्र गरम झाला की बादली बदलली, तेच आता सांगता येत नाही. साल एकच आहे." त्यांनी पुन्हा कात्री उचलली. "सांगितलं तर कचेरी म्हणेल, या माणसाच्या वह्यांचा भरवसा नाही. सगळ्या रद्दीत. नाही सांगितलं तर ती पोरगी भर सभेत तुझ्या आक्काच्या बादलीला समुद्र समजून बोलणार."

"मग?"

"मग काय. शिव."

मी शिवली. तेच जाड सुती कापड, तीच कोपराएवढी खोली, जुना माप-कागद अजून माझ्याकडं होता. कडीपाशी त्यांनी बोट ठेवलं. "इथं दोन टाके जास्त घाल."

"दोर तेवढा नवा घ्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून दाजी दोन्ही बादल्या घेऊन धक्क्यावर. सकाळी आठची नोंद वेगळी, आणि मग दिवसभर दर तासाला दोन्ही सोडायच्या, दोन्ही ओढायच्या, दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे. धुक्यात, उन्हात, वाऱ्यात. मध्ये घरी यायचे, दोन घास खायचे, ताटावरून उठायचे. मासळीवाले विचारायचे, "काय भिंगरी, समुद्र उपसायला घेतला का?" आक्का डबा घेऊन जाऊ लागली तेव्हा तिनं दोन्ही बादल्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "एक तरी संध्याकाळी घरी येऊ दे." पण तिनंही मग घड्याळ धरायला सुरुवात केली, कारण दाजींचे हात दोन आणि बादल्याही दोन.

वारा पडलेला असला की फरक अंशाच्या एका दशांशाचा. वारा जोराचा असला की सहा, सात. त्यातून दाजी रोज नवा हिशेब काढत आणि रोज मला सांगायला येत, आणि मी ऐकता ऐकता शिवणीच्या सुईनं स्वतःलाच टोचून घेई. अठराव्या दिवशी सरासरी आली, चार दशांश. अर्धा अंश म्हणजे पाच दशांश, त्यातले चार बादलीचे. उरला एक.

त्यांनी बाईला फोन केला. "सभेआधी एकदा या. वही दाखवायची आहे."

ती सभेच्या दोन दिवस आधी आली, आठला थोडा वेळ होता. दाजींनी तिला आधी 'मागील पानाप्रमाणे' दाखवलं, पानामागून पान, मग दोन रकान्यांची नवी वही. सगळं उभ्यानंच सांगितलं, मोरीतल्या चादरीसकट. ती वाचत राहिली. पाय न हलवता दाजी उभे होते, हे बघायला मलाच जड जात होतं.

"म्हणजे माझं भाषण गेलं," ती शेवटी म्हणाली.

"आणि माझ्या वह्या?"

"वह्या कशाला जातील?" तिनं नवी वही मिटली नाही, बोट आत ठेवूनच धरली. "बादली कधी बदलली आणि वाऱ्यानं किती फरक पडतो, हे आता आपल्याला माहीत आहे. जुने आकडे दुरुस्त करता येतात. असं मोजून ठेवलेलं कुठंच मिळत नाही, काका. मी परवा सभेत हेच सांगणार आहे, बादलीचं." मग ती त्या उरलेल्या एका दशांशाकडं आली. त्याच्यावर नख ठेवून तिनं विचारलं, "पण हा? हा समुद्राचा आहे का? प्रवाह खरंच मंदावतोय की नाही?"

दाजींनी घड्याळ पाहिलं, दोराला एक हिसका देऊन कडी तपासली, माझ्याकडं बघत दुसराही दिला, आणि म्हणाले,

"ते कळायला अजून तेवीस वर्षं मोजावं लागेल, बाई. जरा बाजूला सरका, आठ वाजले. आणि आज बादलीचं नाव वहीत तुमच्या हातानं लिहा, माझ्या हाताला मागच्या पानाची सवय आहे."