सरळ गेलो की सासुरवाडी

मला सरळ जाता येत होतं, हे आधी लिहून ठेवतो. पुढचं वाचून लोकांचा गैरसमज होतो. किहीमच्या किनाऱ्यावरून शिडाच्या फळीवर उभा राहून मी जो सुटायचो, तो असा, की बगळे मान वळवून बघता बघता मानेत उसण भरून घ्यायचे. एकदा तर खांदेरीच्या पलीकडं मला ओमानचा वास आला होता. चक्क खजुराचा. बायको म्हणते, तो थळच्या सुकटीचा होता. तिचा भूगोल पहिल्यापासून कच्चा.

अडचण फक्त वळायची होती.

आणि ही अडचण कुणाला? तर ज्यानं बावीस वर्षं न्हावा शेव्याला चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर हाकला, त्याला. आमचं घराणं उरणकडचं. आजोबांनी मिठागरात मीठ ओढलं, वडिलांनी मिठाचे ट्रक चालवले, मी ट्रेलर. मी तो ट्रेलर उलटा घालून गोठ्यात लावला असता आणि म्हशीनं रवंथ थांबवलं नसतं. पण बावीस वर्षांत पाठीचे मणके एकमेकांत मिसळले. डॉक्टर म्हणाला, बसणं बंद. मी म्हटलं, वा, माझ्या मनातलं बोललात, मला तसंही एका जागी बसवत नाही. ट्रेलर भावाच्या हाती दिला आणि किहीमला पर्यटकांसाठी चार खोल्या चालवायला घेतल्या. तिथं एक पाहुणा आपली शिडाची फळी पडवीत ठेवून "पुढच्या शनिवारी नेतो" म्हणून गेला. तो शनिवार अजून उगवायचाय. फळी भिंतीला टेकून माझ्याकडं बघत राहायची. दोन महिने मी तिची नजर चुकवली, मग नाही राहवलं.

आता हे खेळणं कसं चालतं ते सांगतो, म्हणजे माझं दुःख कळेल. फळीवर एक डोलकाठी, तिला शीड, आणि शिडाला आडवी दांडी. ती धरून उभं राहायचं. सुकाणू नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही. दुपारी आमच्याकडं वायव्येचा वारा सुटतो. तो उजव्या अंगावर घेऊन खोल समुद्राकडं जायचं, तिथं डावीकडं गर्रकन वळायचं आणि परत किहीमला यायचं. म्हणजे पाण्यावर जाण्याची एक रेघ आणि येण्याची एक रेघ. जाण्याची रेघ मी फूटपट्टीनं काढल्यासारखी काढायचो. येण्याच्या रेघेचा पहिला ठिपका पडायच्या आत मी पाण्याखाली. मग फळीवर चढा, भिजलेलं शीड उचला. भिजलेलं शीड उचलणं म्हणजे चिखलात लोळणाऱ्या रेड्याला कान धरून उठवणं. हे होईपर्यंत वाऱ्यानं मला दक्षिणेकडं ढकललेलं असायचं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा आंघोळ. नवगाव मागं पडायचं, कारखान्याच्या चिमण्या मोठ्या व्हायच्या, आणि पाचव्या-सहाव्या डुबकीनंतर मी डोळे पुसून बघावं तर समोर थळ.

थळ ही माझी सासुरवाडी.

आणि सासुरवाडीला पाऊल ठेवायचं नाही, अशी मी चार वर्षांपूर्वी भर मांडवात शपथ घेतली होती. मेव्हण्याचं लग्न. जावयांना मानाचं उपरणं आणि नारळ द्यायला माइकवरून पुकारत होते. मी थोरला जावई. छाती पुढं काढून, टोपी नीट करून उभा. आणि पुकारलं कुणाला आधी? धाकट्याला. त्याच्या गळ्यात उपरणं पडलं, फोटो निघाला, मग माझं नाव, तेही अर्धवट, कारण तेवढ्यात जनरेटर बंद पडला. मी नारळ परत ठेवला आणि म्हणालो, "सासरे स्वतः माझ्या दारात येऊन बोलवत नाहीत, तोवर या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

सासरे माशांच्या हिशेबातले माणूस, म्हणजे चुकूनसुद्धा शब्द वाया घालवत नाहीत. म्हणाले, "यायचं त त्यो येल. मी काय वरात काढू?"

चार वर्षं. बायको एकटी जायची-यायची. मला सरळ रस्त्यानं अलिबागला जायचं झालं तरी थळच्या फाट्यावर मान दुसरीकडं करायचो.

आणि आता वारा मला आठवड्यातून तीनदा, ओल्या चड्डीवर, नेमका त्यांच्या दारासमोर आणून टाकत होता.

पहिल्या खेपेला सासरे वाळूत बसून जाळं शिवत होते. शेजारी त्यांचा पिवळा कुत्रा. मी गुडघाभर पाण्यातून फळी ओढत आलो. चार वर्षांनी समोरासमोर. त्यांनी सुई थांबवली नाही. कुत्र्याला म्हणाले, "बग रं, भरतीनं काय काय येतंय हल्ली."

मीही कुत्र्यालाच म्हणालो, "सांग त्यांना, मी आलेलो नाही. वाऱ्यानं आणलं."

"वाऱ्यानं आनलं म्हंतंय," सासरे कुत्र्याला म्हणाले. कुत्र्यानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. एवढी जबाबदारी त्याच्यावर आयुष्यात पडली नव्हती.

तेवढ्यात सासूबाई पदर खोचत धावत आल्या. "अगो बाय, जावय! उपाशी आलाव काय? चला घरात."

"उंबरा," मी म्हणालो.

त्या सासऱ्यांकडं वळल्या, माझ्याकडं वळल्या, आणि दोघांना मिळून एकच शिवी देऊन आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात ताट होतं. तांदळाची भाकरी, तळलेली मांदेली, जवळ्याची चटणी. होडीच्या सावलीत वाळूवर मांडून म्हणाल्या, "हितं उंबरा न्हाय. गिळा."

शपथेत वाळूचा उल्लेख नव्हता. मी मांदेली मोजली नाहीत, पण त्या दिवशी थळच्या बाजारात भाव चढला असं नंतर ऐकलं. मग बर्फाच्या टेम्पोत फळी आडवी घालून, बर्फाच्या लाद्यांवर बसून किहीमला परत. घरी पोचलो तेव्हा कमरेखालचा भाग अजून थळलाच असल्यासारखा वाटत होता.

ही बातमी गावात माझ्या आधी पोचली. पानाच्या टपरीवर विचारायला लागले, "काय शेठ, आज वारा कसाय? सासुरवाडीचा आहे ना?" बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "वळायला शिका, नाहीतर सरळ कबूल तरी करा, की आईच्या हातची मांदेली आवडतात." मला झोप लागेना. परातीवर उभा राहून, केरसुणी आडवी धरून स्वयंपाकघरात वळणं घ्यायला लागलो. परात वळली, मी नाही. बायकोनं केरसुणी काढून घेतली.

पाचव्या की सहाव्या खेपेला सासऱ्यांना राहवेना. आता हा माणूस पोरवयात, इंजिनं यायच्या आधी, शिडाच्या मचव्यावर मुंबईला गेलेला. वाऱ्याकडं ते असं बघतात, जसं मी टायरकडं बघतो. कुत्र्याला म्हणाले, "याला इचार, त्यो मगाशी वळताना मागं काय बगत व्हता?"

मी कुत्र्याला खरं ते सांगितलं. ट्रेलरवाला वळणावर शेपटाकडं बघतो. मागची चाकं आत कापत येतात, कुणी सायकलवाला चिरडेल. बावीस वर्षांची सवय.

सासऱ्यांनी सुई खाली ठेवली. "आरं, ही काय ट्रेलर हाय? फळी नखाएवढी! हिला मागं हाय काय बगायला? जिकडं जायचंय तिकडं तोंड कर, धड आपसूक येतंय." मग कुत्र्याची आठवण होऊन त्याच्याकडं वळून म्हणाले, "असं सांग याला."

त्या दिवसापासून शाळा सुरू झाली. वाळूत फळी ठेवायची, मी तिच्यावर, हातात शीड, आणि सासरे कुत्र्याकडं तोंड करून ओरडणार. माझ्या सगळ्या चुका ट्रेलरवाल्याच्या निघाल्या. मी दांडी स्टेअरिंगसारखी फिरवत होतो. "त्ये चाक न्हाय! पुढचा हात सरळ ठेव, मागचा पोटाशी वढ. शीड आत कलंडलं पायजे, त्याच्या आधी पाय दाबला पायजे." मी सीटवर बसल्यासारखा ढुंगण मागं काढून उभा राहत होतो. "गुडघं वाकव! शेण टाकाया बसलीय काय म्हस!" मोठा ट्रेलर डावीकडं घ्यायचा तर आधी थोडा उजवीकडं काढतात, तसा मी फळीलाही आधी उलट्या बाजूला काढत होतो आणि वेग घालवत होतो. आणि शेवटचं पाप म्हणजे वळणाच्या आधी हळू करायचो.

"हळू?" सासरे उभेच राहिले. "वाऱ्याच्या बरोबरीनं पळ. बरोबरीनं पळालास की त्याचा जोर लागत न्हाय, शीड कापसावानी हलकं व्हतं, तवाच पलटी कर. थांबलास की त्यो तुला मारतो." एवढं लांब वाक्य त्यांनी लग्नाची बोलणी करतानाही म्हटलं नव्हतं. कुत्रा तोवर उठून निघून गेला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही ते पाहिलं नाही असं केलं.

वाळूवर मी इतका सुरेख वळायला लागलो, की माझ्या पायांखाली विहीर लागायची वेळ आली. पाण्यावर मात्र ऐन वेळी डोळे मागं जायचे आणि मी धप्प. दुपार झाली की हातापायांत मुंग्या. पाहुण्यांना चहाऐवजी गरम पाणीच नेऊन दिलं दोनदा. समुद्र शांत असला की मला त्याचा राग यायचा.

त्यातच माघ संपता संपता सासूबाई ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "आता थोडेच दिस, जावय. शिमगा झाला का पोरगा आमाला पनवेलला नेतोय. आठवा माळा हाय. लिफ्ट हाय."

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते जाळंच शिवत होते.

"होडी तर विकली म्हणे," मी म्हणालो. "मग जाळं कशाला?"

"घेनाऱ्याला फाटकं द्यायचं व्हय?" म्हणाले. समुद्राकडं बघून म्हणाले, कुणालाच नाही.

मी हातातली भाकरी ताटात परत ठेवली. शपथ माझी होती, तिला चार वर्षं मी पाळली होती, पोसली होती, आता आठव्या माळ्यावरून उतरून माझ्या दारात बोलवायला कोण येणार होतं? आणि मी वाऱ्याच्या जिवावर पनवेलला पोचणार होतो थोडाच. टेम्पोत त्या दिवशी मी बर्फावर बसलोच नाही. उभा राहून आलो.

शिमग्याच्या दोन दिवस आधी कडक वारा सुटला. फळी पाण्याला शिवत नव्हती म्हटलं तरी चालेल. वळायची जागा आली. हात म्हणाला ब्रेक, मी म्हणालो गप. गुडघे वाकवले, आतला पाय दाबला, मागचा हात पोटाशी ओढला आणि नजर किहीमच्या सुरूच्या झाडांवर ठोकून ठेवली. फळी वळली. मधेच एक क्षण शीड खरंच हलकं झालं, वजनच गेलं त्याचं, जणू वारा बंद पडला. मी दांडी सोडली, शीड पलीकडं फिरलं, पाय बदलले, दांडी पकडली. आणि मी उभा होतो. कोरडा! किहीमकडं तोंड करून! समुद्रात टाळ्या वाजल्या. कोण म्हणेल लाटा होत्या. होत्या, पण वाजवल्या टाळ्याच.

किनाऱ्याला लागलो. बायको दोरीवरच्या चादरी काढत होती. मला बघून थबकली. "जमलं?"

"म्हणजे काय!"

"बरं झालं." तिनं चादरीची घडी घातली. "आता वारा तुम्हाला थळला नेणार नाही."

मी अंगणात बसलो. उठलो. नळ बंद होता तो पुन्हा बंद केला. पाण्याचा पेला भरला आणि तुळशीला घातला. अर्धा तास मी असा घरभर फिरलो, की फरशीला उतार पडला असेल. बायको म्हणाली, "वारा पडेल थोड्या वेळानं."

मी फळी उचलली.

किहीम ते थळ नीट जायचं तर दोन वळणं लागतात, एक बाहेर आणि एक आत. पहिलं सुंदर झालं. दुसरं थळच्या समोरच, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, थोडं डगमगलं, पण झालं. वाळूत सासरे उभे होते, कपाळावर आडवा हात धरून. कुत्राही होता. मी फळीवरून उतरलो. केस कोरडे, छाती कोरडी, फक्त घोट्यापर्यंत ओला.

"वळता आलं नाही," मी म्हणालो. "वाऱ्यानं आणलं."

सासऱ्यांनी मला डोक्यापासून घोट्यापर्यंत बघितलं. कुत्र्याच्या आडून ओरडले ते सोडा, पण लग्नाच्या अठरा वर्षांत त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती, आणि गेली चार वर्षं तर कुठलीच नाही. आता मचव्यावरच्या खलाशाशी बोलतात तसे थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "दुसऱ्याला पाय उशिरा बदललास."

मग वाकून त्यांनी फळीचं पुढचं टोक उचललं. "धर मागनं. उनात राहून तडकंल." आणि चालायला लागले. रोज फळी होडीच्या सावलीतच पडायची, तेव्हा ऊन नव्हतं का, हे विचारायला मला सवड मिळाली नाही. मागचं टोक धरून मी निघालो. म्हातारा वळला नाही, थांबला नाही, सरळ घरात शिरला. फळीचं नाक आत, पोट उंबऱ्यावर, आणि शेपूट माझ्या हातात. मी सोडलं असतं तर त्यांच्या पायावर पडलं असतं. आता जावयानं सासऱ्याच्या पायावर फळी टाकायची का?

आत पनवेलची गाठोडी बांधून ठेवली होती. सासूबाई मधोमध उभ्या राहून ओरडल्या, "अगो बाय, माझी बरणी! वर धरा, वर!"

"उद्या वारा याच्याहून जास्त हाय," सासरे म्हणाले. "सकाळीच ये."