तोंडी ठरलेलं

नीळकंठराव वकिलांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मेहकरजवळच्या एका शाळेत, पहिलीच्या मुलांमध्ये बसकरपट्टीवर मांडी घालून बसलेले. मी तेव्हा अध्यापक विद्यालयात शिकत होते आणि माझा सरावपाठ चालू होता. वजाबाकी शिकवून मी विचारलं, "समजलं का?" सगळी मुलं "हाव" म्हणाली. मागून काळ्या कोटातला हात वर आला.

"बाई, मले नाई समजलं."

मुलं खदखदून हसली आणि मग एकेकाचा हात वर यायला लागला.

वकील आमच्या विद्यालयाच्या सल्लागार समितीवर होते आणि पाठ पाहायला आले होते. सुट्टीत मला म्हणाले, "कोर्टात आपला माणूस सवाल समजला नाई तरी हाव म्हणते, अन् केस घालवते. थे सवय पहिलीतच लागते, बाई."

म्हणून पहिलीला शिकवताना वऱ्हाडी चालावी, त्यासाठी पाठाचे गुण कापू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. वर्षभर ते समितीत भांडले. अखेर प्राचार्य हो म्हणाले. कुणीतरी सुचवलं, लेखी घ्या. वकील हसले. "मास्तर लोकायचा शब्द पुरे."

उन्हाळ्यात प्राचार्यांची बदली झाली. माझ्या वर्गातली सोनाळ्याची पुष्पांजली वार्षिक पाठाला मुलांशी वऱ्हाडीत बोलली. फार सुंदर पाठ झाला तो. नव्या प्राचार्यांनी 'अशुद्ध भाषा' म्हणून तिला नापास केलं. वकिलांनी खूप धावपळ केली, पण दाखवायला कागद नव्हता. तिचे वडील उत्तमराव तिला घरी घेऊन गेले.

पोरीला पुन्हा परीक्षेला बसवा, हे सांगायला वकील सोनाळ्याला गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. उत्तमरावांनी आधी चहा दिला. मग म्हणाले, "साहेब, वावराच्या धुऱ्या-बांधाच्या भांडणात तुमी सख्ख्या भावाकडूनबी लिहून घ्याले लावता. माह्या पोरीच्या वक्ती काऊन इसरले?"

तिचं लग्न ठरलं होतं. ती परत आली नाही.

पुढच्या वर्षी वकिलांनी लेखी ठराव करून घेतला. त्यानंतर कितीतरी जण पहिलीला वऱ्हाडीत पाठ घेऊन शिक्षक झाले. आमच्यापैकी कुणी आभार मानले की ते एवढंच म्हणत, "एक साल उशीर झाला."

आता नीळकंठरावांनी ऐंशी ओलांडली आहे. वकिली सोडून ते मेहकरला मुलाकडे राहतात. शिक्षकदिनाला सत्काराची बोलावणी अजून येतात. ते जात नाहीत.