हाजींच्या रिव्हॉल्व्हरचा चाप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगता सांगता शेवटी माझंच तोंड पडतं. बहारीनमध्ये इतकी वर्षं काढली, चुका काय कमी केल्या? पण असा गाढवपणा दुसरा नाही! आणि केला तो कशात, तर एका रिव्हॉल्व्हरमध्ये. दचकू नका, गोळी वगैरे सुटली नाही. सुटली असती तर बरं झालं असतं, निदान आवाजाने मी वेळेवर शुद्धीवर आलो असतो.

मी मूळचा लांज्याचा. मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे. मला एक रोग आहे. कुठलीही वस्तू करकरली, अडकली, जड चालली, की माझे हात शिवशिवायला लागतात. माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीचा पल्ला, कपाटाचा खण, दाराची कडी, सगळं मी घासून, तेल देऊन गुळगुळीत केलंय. कडी तर इतकी मऊ केली की आता वाऱ्याने दार उघडतं.

बायको म्हणते, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? मग गप बसता येत नाही?"

नाही येत! तिथेच तर घोडं पेंड खातं.

आमच्या मालकाचं नाव जासिम. त्याचे वडील हाजी मुहर्रकच्या जुन्या घरात राहतात. दर शुक्रवारी त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, कोणीही जावं, खजूर खावेत, कहवा प्यावा. मीही जायचो. हाजी जुन्या वळणाचे, मोडकंतोडकं हिंदी बोलणारे. मला 'ब्रकाश' म्हणतात. अरबीत 'प'च नाही, त्याला ते तरी काय करणार! गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून वाचले, हिंडू-फिरू लागले, पण उजव्या हातातली ताकद गेली ती गेलीच.

मजलिसच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर टांगलेलं असतं. इंग्रजांच्या काळातलं, लष्करी. नळीत लोखंडाची खुंटी ठोकून बंद केलेलं, रीतसर कागदपत्रं असलेलं, आता नुसतं शोभेचं. आजारपणानंतर हाजी ते मांडीवर घेऊन बसायला लागले. त्याची तऱ्हा अशी, की घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागत नाही. नुसता चाप दाबला की घोडा आपला आपण मागे जातो आणि खटकन पडतो. पण हे सगळं काम एकट्या बोटाच्या जिवावर, त्यामुळे चाप भयंकर जड. हाजी दाबायचे. चेहरा लालबुंद व्हायचा. चाप अर्ध्यावर यायचा आणि परत जायचा.

"वाजिद टाइट, ब्रकाश," ते सुस्कारा टाकायचे, मग 'वाजिद'चं हिंदी करायचे. "बोहोत टाइट."

आता तुम्हीच सांगा, एक म्हातारा माणूस दर शुक्रवारी तुमच्याकडे बघून 'टाइट, टाइट' म्हणतोय आणि तुम्ही फिटर आहात. तुम्ही काय कराल? मला वाटलं, बिचारे संकोचतात. सुट्टीच्या दिवशी मुलाच्या कामगाराला काम कसं सांगावं, म्हणून आडून सुचवतायत. आणि आपण काय दगड आहोत का, न समजायला?

संधीही चालून आली. हाजींना दवाखान्यात नेलं होतं. जासिम मला म्हणाला, "ब्रकाश, बाबा की बंदूक पे जंग आया है. इधर ही बैठ के साफ कर दो. बाहर नहीं ले जाना."

साफ कर म्हणाला. लक्षात घ्या, फक्त साफ! पण आत डोकावलो आणि माझ्यातला कारागीर उसळला. काय काय केलं ते विचारू नका, चांगल्या जुन्या वस्तूची वाट लावायची विद्या मी कोणाला शिकवणार नाही. दुपार सरेपर्यंत चाप असा झाला, की करंगळीने दाबावा! रिव्हॉल्व्हर पुसलं, भिंतीवर टांगलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, हाजींना सरप्राइज!

पुढच्या शुक्रवारी गेलो तर गल्लीत खुर्च्या मांडलेल्या, आतून मसाल्याचा घमघमाट. एरवी मला लांबून हात करणारा जासिम धावत आला आणि त्याने मला चक्क मिठी मारली.

"ब्रकाश! कल बाबा ने ट्रिगर खींचा! एक उंगली से! पूरा!"

त्याच्या डोळ्यांत पाणी. मी लाजलो.

"अरे, उसमें क्या है बॉस. अपना कामच है वो."

तो कुठला ऐकतोय! मला ओढत आत घेऊन गेला. माझ्यापुढे मच्छबूस आला, म्हणजे त्यांची मटणभाताची परात. शेजारीपाजारी हाजींना मिठ्या मारतायत, दुआ देतायत. मी मनात म्हटलं, काय दिलदार माणसं! एका चापासाठी एवढा थाट? आमच्याकडे अख्खं इंजिन जुळवून दिलं तरी चहा विचारत नाहीत. दोनदा भात वाढून घेतला मी. निर्लज्जासारखा!

तेवढ्यात हाजी उठले. कडक इस्त्रीचा पांढरा झगा, डाव्या हातात गाडीची किल्ली.

"यल्ला ब्रकाश, मेरे साथ बैठ."

मी फुगलो. मालकाच्या बापाच्या शेजारी, पुढच्या सीटवर! जासिमचा चेहरा का उतरला, तो दारात उभा राहून काय पुटपुटतोय, हे बघायला मला सवड कुठे होती?

गाडी सुरू झाली आणि हाजी बोलायला लागले.

"डॉक्टर बोला, रबर का बॉल दबाओ. मैं बच्चा है क्या? मैंने बाप का रिव्हॉल्व्हर लिया. रोज दबाया. जासिम को बोला, जिस दिन एक उंगली से खींचेगा, उस दिन चाबी मेरा. आज दिया उसने!" ते लहान मुलासारखे हसले. "कसरत वाली सिस्टर को भी बोल दिया. खलास. कल से मफी, आना नहीं."

माझ्या घशाशी मच्छबूस आला. ते 'टाइट' म्हणत होते ते चापाला नव्हे हो, स्वतःच्या हाताला म्हणत होते! तो चाप म्हणजे त्यांची परीक्षा होती, आणि मी पेपर फोडून ठेवला होता.

"हाजी, गाडी रोको."

"डर गया?"

"हाँ हाजी. बहुत."

"कुछ नहीं होगा, इंशाल्ला."

मुहर्रकच्या गल्ल्या तुम्हाला माहीत नसतील. समोरून सायकल आली तरी श्वास आत ओढून घ्यावा लागतो. कोपऱ्यावर वळताना हाजींचा उजवा हात स्टिअरिंगवरून घसरला तो घसरलाच. गाडी किराणा दुकानासमोर रचलेल्या पाण्याच्या बाटल्यांत घुसली. वेग बैलगाडीचा, म्हणून कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बाटल्या गल्लीभर घरंगळल्या आणि दुकानदार मल्याळममध्ये ओरडत बाहेर आला.

हाजींचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते मांडीवर पडलेल्या आपल्या हाताकडे बघत होते.

"कल ठीक था," ते म्हणाले. "ब्रकाश, कल ये हाथ ठीक था."

हे ऐकलं आणि मला राहवेना.

"हाजी, हाथ नहीं... ट्रिगर. मैंने हल्का किया. आपको तकलीफ होती थी, इसलिए."

वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर मी आज एवढा झुरलो नसतो. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"जासिम को दे दो." मग अगदी हळू, "तुमको किसने बोला था?"

माझ्या बायकोचाच प्रश्न! पण तिने विचारल्यावर मला कधी रडू आलं नव्हतं.

जासिमने नोकरीवरून काढलं नाही, एवढंच म्हणाला, "जैसा था, वैसा कर दो." मी केलं. होतं तसं जड, अगदी तेवढंच. पण हाजींनी रिव्हॉल्व्हरला हात लावायचं सोडलं. सिस्टर परत आली, रबरी चेंडू आला. हाजी भिंतीकडे तोंड करून तो मुकाट दाबत बसायचे. मी गेलो की कहवा मात्र न चुकता द्यायचे, डाव्या हाताने.

आणि परवाच्या शुक्रवारची गोष्ट. गप्पा चालल्या असताना हाजी उठले, कितीतरी महिन्यांनी त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली काढलं. उजव्या हातात धरलं. एक बोट.

खटक!

हाजींचा चेहरा क्षणभर असा काही उजळला, की मी उठून नाचणारच होतो. आणि मग तो चेहरा हळूहळू माझ्याकडे वळला.

"ब्रकाश?"

"नहीं हाजी! गणपतीची शप्पथ! हाथ भी नहीं लगाया! आपका हाथ ठीक हो गया, हाजी!"

जासिम माझ्याकडे बघतोय, शेजारी बघतायत. कोणी मिठी मारेना, कोणी दुआ देईना. मला काय सुचलं कोण जाणे, मी पुढे झालो आणि रिव्हॉल्व्हर हातात घेतलं.

"ये देखो! देखो कितना टाइट है!" असं ओरडून मी चाप ओढला.

आता जन्मभर लोखंड पिरगाळलेलं हे फिटरचं बोट! जिवाच्या आकांताने ओढलेलं!

खटक. एका झटक्यात.

"देखा?" हाजी म्हणाले. "हल्का है."

त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, पुसलं, भिंतीवर टांगलं आणि पुन्हा चेंडू उचलला. गाडीची किल्ली अजून जासिमच्याच खिशात आहे.

हाजींचा हात खरोखर बरा झालाय हो! अख्ख्या बहारीनमध्ये हे छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस एकच आहे, आणि त्या घरात नेमका त्याच्याच शब्दावर कोणाचा विश्वास नाही.